सातव्या पावलावरचं वळण

तिला सगळे वाफेताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते तिला ठाऊक नव्हतं, पण पडलेलं नाव पुसावं असं कुणाच्या मनात नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याही नव्हतं. एकोणीस वर्षं एका रोपवाटिकेत रोपं मोजून खोक्यात भरल्यावर ती शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागली. विषय एकच. फवारणीचं औषध आणि पोत्यातलं खत न वापरता भाजीच्या बियांसाठी गादीवाफा कसा करायचा.

बाकीच्या शिकवणाऱ्यांना फळा लागायचा, खडू लागायचा, पडद्यावर चित्रं लागायची. हिला कुदळ, दंताळं, चाळणी आणि झारी दिली की झालं. केंद्राच्या मागच्या अंगाला तिचा नमुन्याचा वाफा होता. दहा पावलं लांब, वीतभर उंच. वर माती अशी भुसभुशीत की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुणी चादर ताणून गेलंय आणि आता इथं बसायची चोरी. तुकडी आली की ती पदर खोचायची आणि म्हणायची, "मी करते ते बघायचं आणि तस्संच करायचं. पहिल्या वर्षी हात चालवा. डोकं दुसऱ्या वर्षी."

त्या तुकडीत एक बसचा निवृत्त कंडक्टर होता. सगळ्याची नोंद ठेवायची सवय, वही कायम खिशात. त्यानं एकदा बोट वर केलं. "ताई, कंपोस्ट चाळूनच का घालायचं?"

"कारण मी चाळते म्हणून," ताई म्हणाली.

सगळे हसले. कंडक्टरनंही हसत हसत वहीत लिहून घेतलं. ताईला त्या दिवशी दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं. आपण काय पेरून बसलो हे तिला कळायला तीन आठवडे जायचे होते.

ह्या तोऱ्याला घरात मात्र कुणी भीक घालत नव्हतं. घरात मामंजी होते. तिचे सासरे. वय एक्काहत्तर, पाठ ताठ, आणि त्यांची सरी पाठीपेक्षा ताठ. त्यांच्या शेतात उभं राहून एका टोकाला डोळा लावला तर दुसऱ्या टोकाचा खुंटा दिसायचा, मध्ये एक ढेकूळ आडवं यायचं नाही. फवारा पाठीला लावून ते असे निघायचे, जणू लढाईलाच चाललेत. त्यांच्याकडे ताई सहा वर्षं एकच गोष्ट मागत होती. अवजारांच्या शेडमागचा दहा पावलांचा पट्टा.

"कशाला?"

"वाफा करायला."

"गादीवाफाच ना तुझा तो? गादी घातलीस तर उशी पण दे. बी असं गाढ झोपेल की उगवायचं विसरून जाईल."

"मामंजी, दहाच पावलं मागतेय."

"हे बघ सूनबाई, जमीन माझी, तोंड तुझं. त्या दोघांची गाठ मी पडू द्यायचा नाही."

हे बोलणं दर हंगामाला व्हायचं. सासूबाई भाकरी उलटता उलटता दोघांकडे एकेकदा बघायच्या आणि पुन्हा तव्याकडे वळायच्या. ताईच्या जिवाला तो पट्टा का लागून राहिला होता, हे त्यांना एकट्यांना माहीत होतं. साडेतीनशे शेतकऱ्यांना तिनं वाफा शिकवला होता. आणि दर तुकडीत एक तरी भोळा जीव निघायचाच, जो शेवटच्या दिवशी विचारायचा, "ताई, तुमच्या घरच्या शेतात किती वाफे हो?" त्या प्रश्नाला ताईला नेमका खोकला यायचा. इतका की एका तुकडीनं जाताना तिला खोकल्याचं औषध आणून दिलं.

तर कंडक्टरच्या तुकडीचं शिकणं संपलं. माणसं घरी गेली, आणि ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी ताई त्यांचे वाफे बघायला निघाली.

पहिलं घर कंडक्टरचंच. वाफा बघून तिचा जीव सुपाएवढा झाला. उंची वीतभर, कडा दाबलेल्या, माती चाळल्यासारखी. ती कडेकडेनं पावलं टाकत निघाली आणि सातव्या पावलाला थबकली. तिथं वाफा डावीकडे कलला होता. हातभर बाहेर जाऊन, पोट काढून, पुन्हा वळून सरळ झाला होता.

"इथं दगड लागला का हो?"

"छे! माती लोण्यासारखी आहे."

"मग मुळं होती कसली?"

"काही नव्हतं ताई. तुमच्यासारखंच केलंय." त्यानं वही काढली, थुंकी लावून पान उलटलं आणि बोट ठेवलं. "हे बघा. सातव्या पावलाला डावीकडे वळण, हातभर. मी मोजून घेतलं होतं."

ताईला आत्ता आठवलं. तिच्या नमुन्याच्या वाफ्याला वळण होतं. होतंच. कारण तिथं शेजारच्या वाटेत पाण्याच्या नळाचं चेंबर होतं, त्याच्यावर लोखंडी झाकण होतं, आणि त्याला बगल द्यायला तिनं तीन वर्षांपूर्वी वाफा थोडा बाहेर काढला होता. वाटेवर वाळलं गवत अंथरलेलं असल्यामुळे झाकण कुणाला दिसत नव्हतं. तिला स्वतःलाही ते आता दिसेनासं झालं होतं. घरातला कायमचा ढासळलेला उंबरा जसा घरच्यांना दिसत नाही, पाय आपोआप उचलला जातो, तसं.

हे तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण कंडक्टर इतक्या कौतुकानं बघत होता की तिला ते मोडवेना.

"मी विचार केला," तो म्हणाला, "वळणानं वाऱ्याचा जोर मोडत असणार. नाही का?"

"वाफा छान झालाय," ताई म्हणाली. हे खोटं नव्हतं. पण खरंही पुरतं नव्हतं, आणि ते तिला सायकलवर बसल्यापासून टोचत राहिलं.

दुसरं घर दोघी जावांचं. धाकटीनं खणलं होतं, थोरलीनं देखरेख केली होती, असं धाकटीनं थोरलीच्या देखत सांगितलं. वाफा सुरेख. सातव्या पावलाला वळण.

"वाऱ्यासाठी?" ताईनं हळूच विचारून बघितलं.

"वाऱ्याचा काय संबंध?" थोरली म्हणाली. "गोगलगाईसाठी. गोगलगाय सरळ चालत येते. वळणापाशी आली की तिचा गोंधळ होतो."

"मी म्हटलं होतं, ताईंना विचारू या," धाकटी म्हणाली.

"तू खण. विचारायचं मी बघते."

ताई तिथूनही पाणी पिऊन निघाली. मनात म्हणाली, वळणच तर आहे. वळणानं कुणाचं काय बिघडतंय? बी थोडंच वाकडं उगवणार आहे?

तिसऱ्या घरी बिघडताना दिसलं. तिथले मिशीवाले काका कुऱ्हाड घेऊन एका लिंबाच्या झाडापाशी उभे होते. झाड फळांनी लगडलेलं. शेजारून नवा वाफा सरळ आलेला, सहा पावलांवर अडलेला.

"काका! काय करताय?"

"आलात का ताई, बरं झालं. सातव्या पावलाला वळण घ्यायचं तर डाव्या हाताला हे आडवं येतंय. जीव होत नाही हो, बारा वर्षांचं झाड आहे. पण म्हटलं, करायचं तर तस्सं करायचं. तुम्हीच सांगितलंत, डोकं दुसऱ्या वर्षी."

ताईनं कुऱ्हाडीचा दांडाच धरला. "झाडाला हात लावायचा नाही. उद्या केंद्रात तुमच्या तुकडीची बैठक आहे, तिथं या. तिथं सांगते."

"म्हणजे उजवीकडे वळवलं तर चालतं?"

"उद्या!" ताई ओरडली. काकांनी कुऱ्हाड खाली ठेवली, पण नजर झाडावरून काढली नाही.

घरी येईपर्यंत तिनं सगळं मनाशी ठरवलं. सगळ्यांसमोर गवत बाजूला करायचं, झाकण दाखवायचं, आपलं चुकलं म्हणायचं, मोकळं व्हायचं. चार माणसं हसतील. हसू देत.

अंगणात पाऊल टाकते तो सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "चल मागं. बोलू नकोस. नुसतं बघ."

शेडमागच्या पट्ट्यावर वाफा होता. दहा पावलांचा, वीतभर उंच. आणि सातव्या पावलाला वळण. पण काय वळण! कंडक्टरचं पोट सुटल्यासारखं होतं, जावांचं कोपर मारल्यासारखं. हे मात्र दोरी आणि खुंट्या लावून, कुंभाराच्या हातानं मडक्याची कड फिरावी तसं फिरवलं होतं. तेवढ्यासाठी मामंजींनी आपली पन्नास वर्षांची पाण्याची चारी हातभर सरकवली होती.

"तीन दिवस ह्यांच्या सायकलची चेन दुरुस्त होत होती," सासूबाई कुजबुजल्या. "तुमच्या केंद्रासमोरच्या दुकानात. मी म्हटलं, एवढी चेन बदलायला सायकल आहे की गिरणी? तर कुंपणाला नाक लावून तुझं शिकवणं बघत होते. सायकलवाल्यानंच सांगितलं मला."

तेवढ्यात मामंजी शेडमधून बाहेर आले. हातातली दोरी गुंडाळत होते आणि चेहरा असा केला होता की जणू हा वाफा वाऱ्यानं इथं आणून टाकलाय.

"रिकामी जागा पडून होती," ते म्हणाले. "म्हटलं, बघू."

"मामंजी... एवढी सहा वर्षं नाही म्हणालात..."

"अगं, माती उकरून ढीग करायचा, ह्यात शिकण्यासारखं काय आहे? सरळ वाफा मला येत नाही होय? पण ते वळण बघितलं आणि मी गप्प झालो. सरळ रेघ सोडून माणूस उगाच वाकडं जात नाही. म्हटलं, आपल्या सुनेला काहीतरी ठाऊक आहे बरं का, जे आपल्याला नाही." दोरीची शेवटची गाठ त्यांनी आवळली. "आता सांग. काय आहे त्याच्यात?"

सहा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा मनापासून काही विचारलं होतं. आणि विचारलं ते नेमकं हे. ताईनं सांगायला तोंड उघडलं. मग खोकला आला.

"पाणी दे तिला," मामंजी सासूबाईंना म्हणाले. "शिकवून शिकवून घसा गेलाय पोरीचा."

जेवताना तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो वजनकाट्यावर नोकरीला होता, सगळं तोलून बोलायचा. "सांगू नकोस," तो म्हणाला. "पट्टा मिळाला ना? वळणासकट घे. बाबांना कळलं की एका झाकणापायी त्यांनी चारी सरकवली, तर उद्या सकाळी तिथं नांगर फिरेल."

"आणि ते लिंबाचं झाड?"

"त्या काकांना एकट्याला सांग."

"म्हणजे काकांना खरं आणि मामंजींना खोटं?"

तो तोलायला गेला, पण दोन्ही पारडी त्याला एकदम उचलेनात.

सासूबाईंनी भांडी गोळा करता करता एवढंच म्हटलं, "चेन अजून दुरुस्त झालेली नाही म्हणे. उद्याही जाणार आहेत ते."

म्हणजे उद्या ती बैठकीत बोलणार, तर कुंपणापलीकडे मामंजी ऐकणार. आधी घरी सांगावं म्हणून सकाळी ती दोनदा त्यांच्यासमोर गेली. एकदा त्यांनी तिला चहाचा कप दिला, स्वतः, हातानं. दुसऱ्यांदा विचारलं, "झारीचं तोंड बारीक भोकाचं लागतं ना?" अशा माणसाला काय सांगणार? ती तशीच निघाली.

बैठकीला अख्खी तुकडी आली होती. समोरच्या दुकानापाशी एक सायकल उलटी उभी होती आणि तिच्यामागं एक ताठ पाठ. ताईनं एकदा तिकडे बघितलं, एकदा इकडे. मग वाटेवरचं गवत दंताळ्यानं ओढलं. गंजलेलं लोखंडी झाकण उघडं पडलं. तिनं दंताळ्याचा दांडा त्याच्यावर आपटला. ठण्ण.

"हे आहे वळणाचं कारण," ती म्हणाली. मुद्दाम मोठ्यानं, कुंपणापलीकडे जाईल असं. "खाली नळ आहे. वाफा त्याच्या बाजूनं न्यावा लागला. बाकी वळणात काही नाही. वारा नाही, गोगलगाय नाही. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी विसरले होते. आणि तुम्ही विचारलं नाहीत, कारण विचारायचं नाही हेही मीच सांगितलं होतं. माझं चुकलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ते एकमेकांकडे बघू लागले.

"ताई," थोरली जाऊ शांतपणे म्हणाली, "सांगायचं नसेल तर राहू द्या. पण आम्हाला झाकण दाखवू नका."

"अहो, हे काय, समोर आहे!"

"झाकण आहे, मान्य," कंडक्टर म्हणाला. "पण माझ्या वळणापाशी ओल जास्त टिकते. मी रोज बघतोय. वहीत आहे."

"तिथं माती जास्त पडलीय म्हणून टिकते!"

"बघा, म्हणजे कारण आहेच," कंडक्टर म्हणाला आणि लिहून घ्यायला लागला.

एक मिशीवाले काका तेवढे उठले. त्यांनी झाकणावर पाय ठेवून बघितला, दोनदा दाबलं, खोल श्वास सोडला आणि म्हणाले, "माझं लिंबू वाचलं. येतो मी." आणि खरंच गेले, बैठक संपायच्या आत.

ताईनं मग सगळ्यांना वाफ्याभोवती बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूनं शिकवलं. आधी कारण, मग काम. वाफ्यावर पाय का द्यायचा नाही, कंपोस्ट पुरतं कुजलेलं का लागतं, मूठ दाबून बघितल्यावर माती लाडवासारखी राहून अंगठ्यानं फुटली पाहिजे ती का. दोन ठिकाणी तिची गाडी अडली. "हे मला माहीत नाही," ती म्हणाली. कंडक्टरनं तेही लिहून घेतलं, खाली रेघ ओढून.

सगळं आवरून तिनं कुंपणाकडे बघितलं. सायकल नव्हती. पाठही नव्हती.

घराकडे ती सायकल हातात धरून चालत आली. शेडमागून फावड्याचा आवाज येत होता. ती कोपऱ्यावर थांबली. वळण अर्धं उतरवून झालं होतं. मामंजी घामाघूम होऊन चारी जागेवर नेत होते.

"झाकण," ते वर न बघता म्हणाले.

"हो."

"लोखंडाचं."

"हो, मामंजी."

"मी तीन दिवस बघितलं कुंपणातून. माझ्या बापानं मला कधी वाकडी सरी काढू दिली नाही, आणि मी झाकणापायी..." त्यांनी फावडं मातीत खुपसलं. "मला आधी सांगायचं होतंस. सगळ्यांच्या आधी."

"सकाळी दोनदा आले होते. तुम्ही चहा दिलात."

"मग काय, चहा पिताना बोलता येत नाही?"

आता नांगर, ताईच्या मनात आलं. मामंजी खाली वाकले. वळणातून काढलेल्या मातीची मूठ भरली, दाबली, उघडली. माती तशीच राहिली. अंगठा लावला तशी फुटली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"माती मात्र वाईट नाही झाली," ते म्हणाले. जरा रागानंच, जणू मातीनं त्यांना न विचारता पक्ष बदलला होता. "आता ऐक. एकेक सांगायचं. प्रत्येकाचं कारण द्यायचं. कारण नसेल ते मी करणार नाही. आणि पट्टा माझा, वाफाही माझाच राहील. तुझा नाही."

सहा वर्षांची मागणी एका वाक्यात हातची गेली. पण तिला वाईट वाटायला सवड मिळाली नाही, कारण मामंजी खाली बसून विचारत होते, "चल. आता बी पेरायचं?"

"नाही. आता पाणी द्यायचं आणि दहा दिवस थांबायचं. तण उगवेपर्यंत."

मामंजींनी कानात बोट घालून हलवलं. "काय उगवेपर्यंत?"

"तण. वरच्या मातीत त्याचं बी असतंच. ते आधी उगवू द्यायचं, मग खुरप्यानं वरवर खरवडून टाकायचं, खोल न जाता. मग आपलं बी. त्याला भांडायला कुणी उरत नाही. औषध मारायचं नाही ना, म्हणून."

कारण होतं. चांगलं होतं. मामंजींनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं, कुठं फट सापडते का ते. सापडली नाही. पण त्यांचा चेहरा उतरला. शेडमागचा पट्टा रस्त्याला लागून होता. येणाराजाणारा बघायचा. पन्नास वर्षांत त्यांच्या शेतात कुणाला तण दिसलं नव्हतं.

"दहा?" ते म्हणाले. "सहा नाही चालणार?"

"उगवायला पाहिजे ना ते, मामंजी."

पाचव्या दिवशी हिरवी लव आली. सहाव्या दिवशी मामंजींनी पट्ट्यासमोर रस्त्याच्या कडेला खाट टाकली आणि तिच्यावर पोती वाळत घातली. पोती कोरडीच होती. सातव्या दिवशी सासूबाईंनी खाट आत आणली. "झोपू कुठं मी, पोत्यांवर?" आठव्या दिवशी तण चांगलं बोटभर झालं. मामंजी खुरपं हातात घेऊन कडेला बसले, उठले, पुन्हा बसले. ताई खिडकीतून बघत होती. तिला बाहेर जाऊन खुरपं काढून घ्यावंसं वाटत होतं. ती गेली नाही.

तेवढ्यात रस्त्यानं शेजारचा शेतकरी आला. त्यांच्याच वयाचा, आणि पन्नास वर्षं ह्या एका दिवसाची वाट बघत असलेला. कुंपणाशी थांबून तो पोटभर बघत राहिला.

"काय हो," तो म्हणाला, "वय झालं वाटतं. तण माजलंय!"

मामंजींच्या हातातलं खुरपं वर आलं. ताईनं खिडकीचा गज घट्ट धरला.

खुरपं पुन्हा खाली गेलं, मांडीवर विसावलं.

"माजलं नाही," मामंजी म्हणाले. "मुद्दाम लावलंय. अजून दोन दिवस आहेत."

"तण लावलंय?"

"ये आत. बस. पाय कडेला ठेव, वाफ्यावर नको. आणि हसून झालं की कारण विचार."